यादीतला संगणक आणि घरातला संगणक

दहावी-बारावीचे निकाल लागले, की शिक्षकांकडे एक प्रश्न हमखास येतो : ‘सर, मुलीसाठी संगणक घ्यायचा आहे. कोणता घेऊ?’ विचारणाऱ्या पालकाच्या हातात बहुधा एक कागद असतो. दुकानदाराने दिलेले कोटेशन, नाहीतर कुठून तरी उतरवून घेतलेली ‘कमी खर्चातल्या संगणकाची’ तयार यादी. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, डिस्क, कॅबिनेट, एसएमपीएस अशा सात-आठ ओळी, प्रत्येकीसमोर किंमत आणि तळाशी बेरीज.

पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते. पण ज्या कागदावर विसंबून एखादे कुटुंब वर्षभराची शिल्लक खर्च करते, त्या कागदाचे परीक्षण सहसा कोणी करत नाही. या लेखात आम्ही ते करणार आहोत. कोणता भाग घ्यावा हे आम्ही सांगणार नाही, कारण किंमती आणि नमुने दर काही महिन्यांनी बदलतात. यादी कशी वाचावी, हे मात्र फारसे बदलत नाही.

यादीचा गुण

आधी श्रेय द्यायला हवे. संगणकाचे सुटे भाग एकमेकांत बसावे लागतात. एका पिढीचा प्रोसेसर दुसऱ्या पिढीच्या सॉकेटमध्ये बसेलच असे नाही. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या रॅमच्या पट्ट्या लांबीला सारख्या असल्या तरी त्यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. चांगली यादी हा मेळ आधीच घालून देते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पहिल्यांदाच गेलेल्या माणसाला हा मोठाच आधार आहे. आमचा आक्षेप यादी असण्याला नाही. ती काय सांगते आणि काय गाळते, याला आहे.

एका आकड्याचा मोह

यादीत सर्वांत वर प्रोसेसर असतो आणि त्याच्यापुढे एखादा भारदस्त आकडा. पूर्वी हा आकडा गिगाहर्ट्झचा असे. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १०० कोटी ठोके. ठोके जास्त म्हणजे काम जास्त, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण एका ठोक्यात किती काम उरकते, हा प्रश्न त्यात राहूनच जातो. भरभर पण छोटी पावले टाकणारा माणूस लांब ढांगा टाकणाऱ्याच्या पुढे जाईलच असे नाही.

याचा धडा उद्योगाने स्वतःच घेतला आहे. नोव्हेंबर २००० मध्ये इंटेलचा पेंटियम ४ हा प्रोसेसर १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झ वेगाने बाजारात आला. त्याच्यात कामाची साखळी २० टप्प्यांची होती. आधीच्या पेंटियम ३ मध्ये ती १० टप्प्यांची होती. टप्पे छोटे केल्यामुळे ठोके वाढवता आले, पण साखळी मध्येच रिकामी करावी लागली की नुकसानही जास्त होई. परिणामी काही कामांत १ गिगाहर्ट्झचा जुना पेंटियम ३ नव्याची बरोबरी करी, क्वचित मागेही टाकी. प्रतिस्पर्धी एएमडीने २००१ साली ‘ॲथलॉन एक्सपी १८००+’ या नावाचा प्रोसेसर आणला, त्याचा खरा वेग १.५३ गिगाहर्ट्झ होता. ग्राहक आकडा पाहूनच खरेदी करतो, हे ओळखून दिलेले ते नाव होते. पुढे २००४ साली इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत सोडून दिला आणि २००६ सालचे कोअर २ ड्युओ प्रोसेसर कमी ठोक्यांत अधिक काम करू लागले.

आता गिगाहर्ट्झची जागा ‘आय-३’, ‘आय-५’, ‘आय-७’ या नावांनी घेतली आहे. ‘आय-७ आहे, डोळे झाकून घ्या,’ असे म्हणत जुना संगणक विकला जातो. एक उदाहरण पाहा. २०११ सालचा कोअर आय-७ २६०० आणि २०२२ सालचा कोअर आय-३ १२१००. दोन्हींत चार कोअर, दोन्हींचा मूळ वेग जवळजवळ सारखा : पहिल्याचा ३.४, दुसऱ्याचा ३.३ गिगाहर्ट्झ. तरीही नवा आय-३ जुन्या आय-७ पेक्षा बराच जलद आहे. शिवाय जुना प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, आणि विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पिढी न सांगता नुसते ‘आय-७’ म्हणणे म्हणजे इयत्ता न सांगता ‘पहिला आला’ म्हणण्यासारखे आहे.

याचा अर्थ जुना संगणक घेऊच नये, असा नाही. कार्यालयांतून तीन-चार वर्षांनी बाहेर पडणारे संगणक मजबूत बांधणीचे असतात आणि कमी पैशांत मिळतात. लिनक्स वापरायची तयारी असेल, तर आणखी जुनेही चालतात. फक्त पिढी विचारून घ्यावेत.

वेळ कुठे जातो?

या ठिकाणी आमचीच एक चूक सांगणे आवश्यक आहे. काही वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून एका शाळेसाठी संगणक निवडण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही मोठ्या अभिमानाने त्या रकमेत बसणारा सर्वांत वेगवान प्रोसेसर निवडला. पैसे उरेनात, म्हणून रॅम ४ गिगाबाइट घेतली आणि साधी फिरणारी हार्ड डिस्क ठेवली. संगणक सुरू होऊन हाताशी यायला पाच मिनिटे लागत. पस्तीस मिनिटांच्या तासात मुले त्याच्याभोवती उभी राहून फिरणारे वर्तुळ पाहत. पुढच्या आठवड्यात त्यांतली निम्मी खिडकीबाहेर पाहू लागली.

शेवटी नववीतल्या एका मुलीनेच विचारले, ‘सर, प्रोसेसर तर नुसता बसलाय. मग थांबलंय कोण?’ तिने टास्क मॅनेजर उघडला होता. प्रोसेसरचा वापर दहा-पंधरा टक्के आणि डिस्कचा शंभर.

तिचे बरोबर होते. हिशेब सोपा आहे, वर्गात करून घेण्याजोगा. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा डोक्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. त्याआधी डोके योग्य पट्ट्यावर न्यायला साधारण ९ मिलिसेकंद. एकूण झाले १३. म्हणजे विखुरलेल्या जागी ठेवलेली माहिती वाचायची, तर सेकंदाला जेमतेम पाऊणशे वेळा वाचता येते. संगणक सुरू होताना अशी छोटी वाचने हजारोंनी होतात. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते, तिथे हेच काम सुमारे एक दशांश मिलिसेकंदात होते. फरक शंभरपटीहून अधिक आहे.

अपुऱ्या रॅमने यात भर घातली होती. रॅम भरली, की संगणक तिच्यातला काही मजकूर डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. म्हणजे रॅमची टंचाई डिस्कच्या संथपणाच्या रूपाने समोर येते.

जीन ॲमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ साली मांडलेला नियम येथे उपयोगी पडतो. त्याचा आशय असा, की एखाद्या भागाचा वेग कितीही वाढवला, तरी एकूण फायदा त्या भागाच्या वाट्याला किती वेळ येतो यावरच ठरतो. समजा, एखादे काम ४० सेकंदांचे आहे. त्यातले ३० सेकंद डिस्कचे, १० प्रोसेसरचे. दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणला, तर वेळ ३५ सेकंदांवर येईल. प्रोसेसर तोच ठेवून डिस्क दहापट जलद केली, तर १३ सेकंदांवर. आम्ही जास्त पैसे ओतून ५ सेकंद वाचवले होते. पुढे एक एसएसडी आणि रॅमची आणखी एक पट्टी घातली, तेव्हा तोच संगणक अर्ध्या मिनिटाच्या आत कामाला लागू लागला.

तुलनेचे तक्ते

याद्यांबरोबर बहुधा वेगाच्या तुलनेचे तक्ते दाखवले जातात. आकडे खरे असतात, पण ते कुठल्या परिस्थितीतले आहेत हे पाहिले जात नाही. प्रोसेसरांची तुलना करताना चाचणी घेणारे मुद्दाम सर्वांत महागडे ग्राफिक्स कार्ड लावतात. कार्ड दुबळे असेल तर सगळे प्रोसेसर सारखेच दिसतील, म्हणून हे करणे शास्त्रीयदृष्ट्या योग्यच आहे. एका वेळी एकच चल बदलावा, हे आपणही प्रयोगशाळेत शिकवतो. पण जो ग्राहक स्वस्त कार्ड घेणार आहे, किंवा कार्ड घेणारच नाही, त्याला तक्त्यातला तो फरक घरी दिसणार नाही. तसेच खेळाची सेकंदाला १४० चित्रे आणि १६५ चित्रे यांतला फरक तक्त्यात ठळक दिसतो. पण घरचा पडदा ६० हर्ट्झचा असेल, तर तो सेकंदाला साठच चित्रे दाखवतो. प्रयोग अचूक असूनही निष्कर्ष गैरलागू ठरतो, याचे इतके चांगले उदाहरण विज्ञानाच्या पुस्तकातही क्वचित सापडेल.

शेवटची ओळ

यादीची शेवटची ओळ असते ‘कॅबिनेट एसएमपीएससह’. बेरीज हाताबाहेर गेली, की काटछाट होते ती इथेच. हा भाग घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन संगणकाच्या प्रत्येक अवयवाला देतो. तो बिघडला, तर एकटा जाईलच असे नाही, मदरबोर्ड आणि डिस्कलाही घेऊन जाऊ शकतो.

त्याच्यावर मोठ्या अक्षरांत ‘४५० वॉट’ असे लिहिलेले असते. त्याखालचा बारीक तक्ता वाचावा. आजचा संगणक जवळजवळ सगळी शक्ती १२ व्होल्टच्या वाहिनीतून घेतो. तिथे १६ अँपियर लिहिले असेल, तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॉट. बाकीची बेरीज फारशा न लागणाऱ्या वाहिन्यांची. आठवीच्या विद्यार्थ्याला हा गुणाकार येतो. तो करायची सवय मात्र मोठ्यांनाही नसते.

‘८० प्लस’ हे चिन्ह २००४ साली सुरू झाले. मूळ पायरीची अट अशी, की क्षमतेच्या २०, ५० आणि १०० टक्के भारावर कार्यक्षमता किमान ८० टक्के असावी. हे चिन्ह असणे चांगलेच, पण ते कार्यक्षमतेचे आहे, सुरक्षिततेचे नव्हे. आणि ६० वॉट घेणाऱ्या संगणकाला ४५० वॉटचा एसएमपीएस जोडला, तर भार १३ टक्केच पडतो, म्हणजे त्या चाचणीच्या कक्षेबाहेर. तेव्हा उगाच मोठ्या आकड्याच्या मागे लागू नये. नावाजलेल्या बनावटीचा, लहान पण खऱ्या आकड्याचा घ्यावा. आणि घरातल्या प्लगला खरोखर अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून आधी तपासून घ्यावे.

जे यादीत नसतेच

तळाच्या बेरजेत पडदा, कीबोर्ड, यूपीएस आणि विंडोजचा परवाना हे अनेकदा धरलेलेच नसतात. म्हणून ‘कमी खर्चातला’ संगणक घरी येईपर्यंत कमी खर्चातला राहत नाही. मग पालक उरलेल्या पैशांत मिळेल तो पडदा घेतात, आणि मुलगी रोज चार तास ज्याच्याकडे पाहणार ती वस्तू सर्वांत निकृष्ट ठरते.

पण यादीतली सर्वांत मोठी उणीव वेगळीच आहे. संगणक कशासाठी, हा प्रश्न ती विचारतच नाही. टंकलेखन, इंटरनेट, पायथॉनमधले पहिले धडे यांसाठी अंगभूत ग्राफिक्स असलेला साधा प्रोसेसर, ८ गिगाबाइट रॅम आणि एसएसडी पुरते. मदरबोर्डवर रॅमच्या दोनच खाचा असतील, तर ४-४ च्या दोन पट्ट्यांऐवजी ८ ची एक घ्यावी आणि एक खाच मोकळी ठेवावी. पुढे तशीच दुसरी घातली, की रॅमही दुप्पट होते आणि माहितीचा मार्गही दुहेरी होतो. ‘पुढच्या दहा वर्षांसाठी’ म्हणून आज जादा पैसे मोजण्यापेक्षा, पुढे वाढवता येईल अशी जागा ठेवणे शहाणपणाचे.

तेव्हा पालक कागद घेऊन आले, की शिक्षकांनी तो बाजूला ठेवून कोरा कागद घ्यावा. पहिल्या ओळीत कामे लिहावीत. दुसरीत हाताशी असलेली एकूण रक्कम. त्यातून पडदा, यूपीएस आणि एसएमपीएस यांचे पैसे आधी वजा करावेत. प्रोसेसर सर्वांत शेवटी लिहावा.

शाळेत हाच उपक्रमही करता येईल. प्रयोगशाळेतल्या संगणकावर टास्क मॅनेजर उघडून ठेवावा, रोजची पाच कामे करावीत आणि कोणता भाग किती टक्के राबतो याची नोंद मुलांनी घ्यावी. मग दुकानातले एखादे कोटेशन आणून त्या नोंदीशेजारी ठेवावे. पैसा कुठे जातो आणि वेळ कुठे जातो, हे दोन रकाने जुळतात का, ते मुलांनाच पाहू द्यावे. आमच्या शाळेत ते जुळत नाहीत हे एका विद्यार्थिनीने दाखवून दिले, पण ते पैसे खर्च झाल्यानंतर. तुमच्याकडे ते आधी व्हावे.