भाकीत आणि अभिप्राय

हिवाळा सरू लागला की अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरी होणाऱ्या ऑस्कर पारितोषिक-समारंभाची चर्चा सुरू होते आणि तिच्या पाठोपाठ भाकितांचा हंगामही येतो. वर्षभर चित्रपटांचे गुणदोष सांगणारे समीक्षक या दिवसांत जणू पंचांग उघडून बसतात. सर्वोत्कृष्ट चित्रपट कोणता ठरेल, अभिनयाचे पारितोषिक कोणाच्या पदरात पडेल, याच्या याद्या प्रसिद्ध होतात. करमणूक म्हणून याला कोणी हरकत घेऊ नये. परंतु ही भाकिते समीक्षेच्या स्तंभात, समीक्षेच्याच भाषेत आणि समीक्षकाच्याच सहीने येतात; म्हणून त्यांचा समीक्षेशी नेमका काय संबंध आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे वाटते.

या छंदाचा उगम मौजेचा आहे. १६ मे १९२९ रोजी पहिला समारंभ झाला, तेव्हा विजेत्यांची नावे सुमारे तीन महिने आधीच जाहीर झालेली होती. बक्षिसे वाटण्यास अवघी पंधरा मिनिटे पुरली. पुढे निकाल रात्री अकरापर्यंत छापू नये या अटीवर वृत्तपत्रांना अगोदर देण्याची प्रथा पडली. १९४० साली 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने तो सायंकाळच्या अंकातच छापला आणि पाहुणे निकाल वाचूनच सभागृहात शिरले. त्यामुळे १९४१ पासून मोहोरबंद पाकीट आले. म्हणजे उत्कंठा ही या समारंभाची जन्मजात वस्तू नव्हे. ती मागाहून घडविण्यात आली, आणि भाकितांचा धंदा त्या पाकिटाच्या आश्रयाने वाढला.

भाकीत करणारा पाहतो काय? निर्मात्यांच्या, दिग्दर्शकांच्या आणि नटांच्या संघटना आपापली पारितोषिके आधी देतात आणि त्यांचे पुष्कळ सभासद अकादमीचेही मतदार असतात. तेथील कौलावरून पुढचा अंदाज बांधला जातो. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी २०१० च्या समारंभापासून पसंतिक्रमाची पद्धत आहे. आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीशी परिचित असलेल्या वाचकांना ती नव्याने समजावून सांगावयास नको. निम्म्याहून अधिक पहिल्या पसंती कोणालाच न मिळाल्यास तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मते पुढच्या पसंतीकडे वळतात. अशा मोजणीत थोड्यांच्या उत्कट प्रेमापेक्षा पुष्कळांची सौम्य संमती अधिक उपयोगी पडते. २०१९ साली 'रोमा'साठी आल्फोन्सो क्वारोन यांना दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले, पण सर्वोत्कृष्ट चित्रपट 'ग्रीन बुक' ठरला. तेव्हा हेच कारण पुढे करण्यात आले. ते खरे असेलही. परंतु अकादमी मतांचे आकडे कधीच प्रसिद्ध करीत नाही. त्यामुळे भाकीत बरोबर ठरले तरी त्यामागील मीमांसा बरोबर होती की नाही, हे अखेरपर्यंत अज्ञातच राहते. ज्या शास्त्रात उत्तर कळते पण रीत कधीच पडताळता येत नाही, त्याला शास्त्र तरी कसे म्हणावे?

भाकितांचा दुसरा आधार म्हणजे 'आता याची पाळी आहे' हा विचार. मार्टिन स्कोर्सेसी यांना 'रेजिंग बुल'साठी १९८१ साली दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले नाही, 'गुडफेलाज'साठी १९९१ सालीही मिळाले नाही; ते मिळाले २००७ साली 'द डिपार्टेड'साठी. त्या वर्षीच्या पुष्कळ भाकितांचा आधार त्यांच्या ज्येष्ठतेचा होता आणि तो अचूक ठरला. ज्येष्ठता-सूची म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना कोणी शिकवावे असे नाही. परंतु सूचीतील क्रमांक पाहून बढतीचा अंदाज करणाऱ्याने त्या अधिकाऱ्याच्या कामाविषयी काही सांगितले, असे आपण म्हणत नाही. भाकीत खरे झाले. 'द डिपार्टेड'विषयी मात्र एक अक्षरही सांगून झाले नाही.

हा हिशेब चुकतो तेव्हा काय होते, हे २५ एप्रिल २०२१ च्या समारंभात दिसले. सर्वोत्कृष्ट चित्रपटाची घोषणा शेवटी करण्याचा प्रघात मोडून त्या दिवशी नटाचे पारितोषिक अखेरीस ठेवण्यात आले. आदल्या वर्षी अकाली निधन पावलेल्या चॅडविक बोसमन यांचे नाव पुकारले जाईल, अशी सार्वत्रिक समजूत होती. पाकिटातून नाव निघाले ॲन्थनी हॉपकिन्स यांचे, आणि ते तर समारंभाला हजरही नव्हते. दुसऱ्या दिवशी 'हे घडले कसे' याचीच चर्चा झाली. परंतु 'द फादर' हा चित्रपट ज्याने मन लावून पाहिला, त्याला इतके चकित होण्याचे कारण नव्हते. स्मृती ढासळत चाललेला एक वृद्ध. घर तेच, पण सामान नकळत बदलते. मुलगी तीच, पण कधी दुसऱ्याच चेहऱ्याने समोर उभी राहते. या गोंधळात प्रथम तोरा, मग संशय आणि अखेर आईसाठी रडणारे मूल, असा उतार हॉपकिन्स यांनी दाखविला आहे. हे सारे पडद्यावर होते. भाकितकारांचे डोळे मात्र मतदारांवर होते.

दुसऱ्यांना दोष देण्यापूर्वी प्रस्तुत लेखकाने स्वतःचा दोष सांगणे न्याय्य होईल. फेब्रुवारी २०२० मध्ये दिल्लीतील आमच्या मित्रमंडळात अशीच चिठ्ठ्यांची पैज लागली होती. मला त्या वर्षी दक्षिण कोरियाचा 'पॅरासाइट' सर्वांत सरस वाटला होता. त्यातील श्रीमंतांचे टेकडीवरचे घर, गरिबांचे अर्धे जमिनीखालचे बिऱ्हाड आणि वरून खाली धावणारा पाऊस, यांत बोंग जून-हो यांनी एका समाजाची उतरंड उभी केली आहे. तरीही मी चिठ्ठीवर '१९१७' लिहिले. निर्मात्यांचा आणि दिग्दर्शकांचा कौल त्याला होता, आणि इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील चित्रपटाला तोवर तो मान कधीच मिळालेला नव्हता. सोमवारी सकाळी निकाल आला, पैज गेली. पैज हरल्याचे दुःख नाही. खरी लाज याची की चिठ्ठी लिहिल्यापासून मी 'पॅरासाइट'मध्ये दोष शोधू लागलो होतो. उत्तरार्ध भडक आहे, योगायोग फार आहेत, असे मी मित्रांना पटवीत होतो. भाकिताला पूरक असा अभिप्राय मनाने आपोआप तयार करून दिला होता.

हा धोका आपल्यालाही परका नाही. संदीप सावंत यांचा 'श्वास' २००४ साली भारतातर्फे ऑस्करसाठी पाठविण्यात आला, तेव्हा अमेरिकेतील प्रचारासाठी लोकांनी आपुलकीने देणग्या दिल्या. त्यात गैर काही नव्हते. परंतु 'मिळेल का?' हा एकच प्रश्न सर्वांच्या तोंडी झाला आणि नामांकन न मिळताच चर्चा विझली. दृष्टी जाण्यापूर्वी नातवाला एक दिवस जग दाखवू पाहणारा तो आजोबा काही लॉस एंजेलिसच्या मतांवर अवलंबून नव्हता; तो काल जितका खरा होता तितकाच आजही आहे.

अंतिम फेरीत मत देणाऱ्या सभासदाने त्या विभागातील सर्व नामांकित चित्रपट पाहिलेलेच असावेत, असा नियम अकादमीने २०२५ साली जाहीर केला. पहिल्या समारंभानंतर त्याला शहाण्णव वर्षे लागली! भाकितकारांनीही एक नियम पाळावा: 'कोणाला मिळावे' हे आधी लिहून, कारणे देऊन, खाली सही करावी, 'कोणाला मिळेल' हे मागाहून. अनेक नियतकालिके हे दोन रकाने शेजारी शेजारी छापतात, पण हळूहळू पहिला रकाना दुसऱ्याकडे कलतो, हा माझा अनुभव वर सांगितलाच आहे.

फाइलीवर टिपणी लिहिताना वरिष्ठांचा कल आधी हेरून मग आपले मत बनविणारा सहकारी आपण सर्वांनी पाहिलेला असतो. त्याची टिपणी बहुधा मान्य होते. परंतु पेचाच्या प्रसंगी खरा सल्ला हवा असला, की आपण त्याच्याकडे जात नाही.