‘धर्मात्म्यां’तील बालगंधर्व

‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’ (१९३५) या बोलपटांत बालगंधर्वांची मूर्ति व गायन आजहि अनुभवावयास मिळतें. तेवढें पाहून ‘यांत महाराष्ट्रानें वेडें व्हावें असें काय होतें?’ असें सोनाळ्यासारख्या वऱ्हाडांतील गांवचा तरुण रसिक विचारील, तर त्यास आम्ही दोष देणार नाहीं. १९११ सालीं ‘मानापमानां’त भामिनी होऊन गाजलेला हा नट येथें सत्तेचाळिशींत एकनाथांच्या पुरुषवेषांत उभा आहे. शिवाय, ‘वन्स मोअर’ येतांच तेंच पद नव्यानें फुलविणें, हें त्यांच्या गायनाचें मर्म. कॅमेऱ्यापुढें दाद देणारा प्रेक्षकच नव्हता. म्हणून ही फीत त्यांच्या गळ्याची साक्ष देते, रंगभूमीवरील त्यांच्या साम्राज्याची नव्हे.