गळक्या बादलीचा हिशेब

आर्थर ओकन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९७५ साली समता आणि कार्यक्षमता यांवर छोटंसं पुस्तक लिहिलं. त्यातली गळक्या बादलीची उपमा गाजली. श्रीमंतांकडून गरिबांकडे पैसा नेताना वाटेत काही गळतो. कारभाराचा खर्च होतो, कष्टाची आणि बचत-गुंतवणुकीची ओढ घटते. पण ओकन बादली फेकायला सांगत नाहीत. किती गळती चालेल ते तुम्हीच ठरवा, म्हणतात. हा प्रामाणिकपणा मला आवडतो.

मात्र उपमेत एक गृहीत लपलंय बघा. पोचलेलं पाणी केवळ पिऊन संपतं, असं ते गृहीत. आपली रोजगार हमी आठवा. शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घ्यायचा, गावातल्या मजुरांना काम द्यायचं, आणि त्या कामातून पाझर तलाव, बांधबंदिस्ती उभी करायची. इथे वाटप हीच गुंतवणूक. गळती तिथेही होती, नाकारत नाही. पण तलावात साठलं ते कोणत्या रकान्यात मांडणार?

उलट सोव्हिएत संघ. उत्पन्नातली तफावत कमी, गुंतवणूक प्रचंड. तरी प्रकल्प रखडलेले आणि दुकानांपुढे रांगा. हंगेरीच्या यानोश कोर्नाई यांनी अशा व्यवस्थेचं वर्म दाखवलं: तोट्यातला कारखाना सरकार बुडूच देत नसे. दोष समतेचा नव्हता. चुकीची किंमत कोणालाच मोजावी लागत नव्हती.

तेव्हा ‘किती गळलं?’ याबरोबर ‘कुठे मुरलं?’ हेही विचारा. पाणी मुरतंय, असं आपण संशयाने म्हणतो. शेतकऱ्याला मात्र ते मुरायलाच हवं असतं.