जिमची बोली आणि जेम्सची भाषा

एखाद्या राष्ट्राला आपल्या भूतकाळाविषयी जे सरळपणे बोलता येत नाही, ते पुष्कळदा एखाद्या ग्रंथावरील वादाच्या आडून बोलले जाते. अमेरिकेच्या बाबतीत हे कार्य मार्क ट्वेनच्या ‘ॲडव्हेंचर्स ऑफ हकलबेरी फिन’ या कादंबरीने सुमारे एकशेचाळीस वर्षे केले आहे. १८८५ साली ती अमेरिकेत प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्यातील काँकर्डच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ती ग्राम्य ठरवून बाहेर काढली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आक्षेपाचे स्वरूप पालटले. पळून निघालेल्या जिम या गुलामाचा आणि त्याच्या बांधवांचा उल्लेख ज्या हीन शब्दाने या कादंबरीत वारंवार होतो, तो कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने भर वर्गात का ऐकून घ्यावा, असा प्रश्न पुढे आला. २०११ साली अलाबामातील एका प्रकाशनसंस्थेने दोनशेहून अधिक ठिकाणी तो शब्द काढून तेथे ‘गुलाम’ हा शब्द घातला. शब्द गेला, परंतु प्रश्न होता तेथेच राहिला.

पर्सिव्हल एव्हरेट यांची ‘जेम्स’ (२०२४) ही कादंबरी या दीर्घ वादातील सर्वांत महत्त्वाचे अलीकडचे विधान होय. तिला २०२४ चा नॅशनल बुक अवॉर्ड आणि २०२५ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला. ट्वेनचेच कथानक, तीच मिसिसिपी नदी, तोच तराफा. मात्र कथा सांगणारा हक नसून जिम आहे. ही कादंबरी ज्या काळात वाचली गेली, तो काळही ध्यानात घेतला पाहिजे. गुलामगिरीत काही गुलामांना पुढे स्वतःच्या उपयोगी पडतील अशी कौशल्ये अवगत झाली, हे शिकवावे असे फ्लॉरिडा राज्याने २०२३ साली आपल्या शालेय अभ्यासक्रमात नमूद केले. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहालयांतून अनुचित विचारसरणी दूर करण्याचा आदेश काढला. एव्हरेट यांची कादंबरी अभ्यासक्रमाला उद्देशून लिहिलेली नाही. तथापि तिचा नायक गुलामगिरीत जे एक कौशल्य पूर्णपणे हस्तगत करतो, ते मालकाला रुचेल असे मोडकेतोडके बोलण्याचे आहे. कौशल्याच्या त्या सरकारी कल्पनेला याहून कठोर उत्तर मिळणे कठीण.

कादंबरीची मध्यवर्ती कल्पना अशी: गुलाम आपसांत सुसंस्कृत, निर्दोष इंग्रजी बोलतात आणि गोरा माणूस समोर येताच बोली पांघरतात. जेम्स रात्री मुलांना हे बोलणे शिकवतो. शेजारणीच्या स्वयंपाकघरात आग लागली, तर ‘आग’ हा शब्द मुलाने प्रथम उच्चारायचा नाही. संकटाचे नाव घेण्याचा मानही गोऱ्यांनाच राहू द्यायचा. न्यायाधीश थॅचर यांच्या ग्रंथालयात चोरून वाचलेला हा मनुष्य ज्वराच्या ग्लानीत व्होल्तेअरशी वाद घालतो. त्याला लिहिता यावे म्हणून दुसरा एक गुलाम मालकाच्या घरून पेन्सिलीचा तुकडा आणतो आणि त्यापायी प्राणास मुकतो. जिमच्या विदूषकी मुखवट्याआड माणसाची प्रतिष्ठा दिसते, असे राल्फ एलिसन यांनी १९५८ सालीच म्हटले होते. एव्हरेट यांनी ते रूपक अक्षरशः खरे मानले आणि मुखवट्याआडच्या माणसालाच बोलते केले.

या कल्पनेचा कळस डॅनियल एमेटच्या प्रसंगात दिसतो. एमेट ही ऐतिहासिक व्यक्ती. तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या गोऱ्या गायकांची ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स’ ही मंडळी १८४३ साली उभी राहिली, तिच्यातील तो प्रमुख. कादंबरीत त्याला गाण्यासाठी जेम्स हवा असतो. परंतु प्रेक्षकांना तो काळे फासलेला गोराच वाटला पाहिजे. म्हणून काळ्या माणसाच्या तोंडाला काळा रंग फासला जातो. प्रसंग हास्यकारक आहे आणि त्यातील हसू वाचकाच्या घशातच अडकते.

भूमिकेप्रमाणे भाषा वाटून देण्याचा संकेत भारतीय वाचकाला अपरिचित नाही. ‘मृच्छकटिका’च्या आरंभी सूत्रधार संस्कृत सोडून प्राकृत बोलू लागतो आणि कार्यवशात् आपण तसे करीत आहोत, हे सांगूनही टाकतो. जेम्सला हे सांगण्याची सोय नाही, कारण उघड झालेला मुखवटा त्याच्या जिवावर बेतेल. नाट्यसंकेत आणि दास्य यांतील अंतर ते हेच.

परंतु येथेच एक गंभीर शंका उभी राहते. ट्वेनने आपल्या कादंबरीच्या प्रारंभीच सात बोलींचा निर्देश केला आहे. त्याची खरी क्रांती अशी की, धड न शिकलेल्या पोराच्या बोलीला त्याने निवेदनाचे आसन दिले आणि जिमला धरून देणारे पत्र फाडून टाकण्याचा निर्णय, म्हणजे त्या कादंबरीतील सर्वोच्च नैतिक क्षण, त्याच बोलीत उभा केला. मात्र ते आसन मिळाले गोऱ्या मुलाला; जिमची बोली संवादापुरती आणि पुष्कळदा विनोदापुरती राहिली. एव्हरेट यांनी जिमला निवेदनाचे आसन दिले, पण त्यावर बसताना त्याला बोली खाली ठेवावी लागली. ‘जेम्स’मध्ये विचार प्रमाण भाषेत होतो आणि बोलीत केवळ फसवणूक होते. मग जिच्यात पिढ्यान् पिढ्या अंगाई, प्रार्थना आणि शोक व्यक्त झाला, ती बोली कोणाची?

हा प्रश्न कृष्णवर्णीय साहित्याला नवा नाही. पॉल लॉरेन्स डनबार या कवीच्या बोलीतील कवितांची १८९६ साली वाहवा झाली आणि त्याच्या प्रमाण इंग्रजीतील कविता मागे पडल्या. हे कौतुकच त्याला बेडी झाले. झोरा नील हर्स्टन यांनी १९३७ च्या कादंबरीत बोली हे घर मानले, तर रिचर्ड राइट यांना त्याच कादंबरीत मिन्स्ट्रेलचा वास आला. एव्हरेट या वादात राइट यांच्या बाजूला झुकतात. त्यांच्या ‘इरेझर’ (२००१) या कादंबरीतील लेखकही गोऱ्या बाजाराला हवी असलेली बोली उपहासाने लिहितो आणि तीच बाजारात खपते. बोलीची मागणी कोण करतो, हा त्यांचा प्रश्न न्याय्य आहे. परंतु मागणी खोटी असली म्हणून भाषा खोटी ठरत नाही.

या शंकेची धार कोठे लागते, हे ‘जेम्स’ मराठीत आणू पाहणाऱ्या अनुवादकाला चटकन कळेल. दलित पँथरने १९७२ साली आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. तेव्हा हे नाते केवळ वाङ्मयीन नाही. पण मराठीत घडले ते नेमके उलट. दया पवार यांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) आणि लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’पासून (१९८०) आत्मकथनांनी प्रमाण भाषेची मक्तेदारी मोडली आणि बोलीला सत्यकथनाचा अधिकार मिळवून दिला. जेम्सचा मुखवटा अशा बोलीत उतरवला, तर ज्या भाषेत मराठीत सर्वाधिक खरे बोलले गेले, तीच असत्याची भाषा होऊन बसेल. अनुवाद शब्दशः बिनचूक असूनही अन्यायकारक ठरेल.

मार्ग नाही असे नव्हे. जुन्या मराठी नाटकांत नि चित्रपटांत गड्याच्या, मोलकरणीच्या तोंडी एक भाषा घातलेली आढळते. ती कोणत्याही गावची नाही. पांढरपेशा प्रेक्षकाला हसू यावे म्हणून लेखकाने ती बनवलेली आहे. मिन्स्ट्रेलचा मराठी भाऊबंद तो हाच. जेम्सचा मुखवटा त्या कृत्रिम भाषेत उतरवला, तर कादंबरीचा उपहास जागच्या जागी पोहोचेल आणि खऱ्या बोलींवर किटाळ येणार नाही.

मूळ कादंबरीत मात्र नक्कल केलेली बोली आणि जगलेली बोली यांत भेद उरलेला नाही. ‘जेम्स’ हे गोऱ्या अमेरिकेला दिलेले उत्तर म्हणून जवळजवळ अजोड आहे. शेवटी नायक स्वतःचे नाव स्वतः उच्चारतो, तेव्हा ट्वेनने राहू दिलेले एक ऋण फिटते. परंतु त्याच्या आईने त्याला ज्या भाषेत हाक मारली असेल, ती या कादंबरीत कोठेच ऐकू येत नाही.