शुद्धिपत्र आणि पत : फ्रँकलिनच्या आत्मकथनाचा श्रोता

धंद्यातील माणसांपुढे बोलणाऱ्याने उपदेशाऐवजी स्वतःची कहाणी सांगावी, हा आज व्यवसाय-मार्गदर्शनाचा जवळजवळ नियमच झाला आहे. स्वानुभव पारदर्शक असतो आणि तो सांगितला की सांगणारा व ऐकणारा यांच्यातील अंतर आपोआप मिटते, असे या नियमामागचे गृहीतक आहे. वाङ्मयसमीक्षेला ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. कारण कथन कोणाला उद्देशून आहे यावर कथनातील ‘स्व’ची घडण अवलंबून असते. छोट्या व्यापाऱ्याला आपलेसे करणाऱ्या आत्मपर गद्याच्या प्रभावी संहितांमध्ये बेंजामिन फ्रँकलिन (१७०६–१७९०) या मुद्रकाच्या आत्मकथनाची गणना करावी लागेल. या प्रश्नाची तपासणी त्या संहितेच्या आधारे करता येते.

उपदेशाची मर्यादा फ्रँकलिनला ठाऊक होती. ‘पुअर रिचर्ड’ या त्याच्या पंचांगाच्या १७५८ च्या अंकातील प्रस्तावनेत एक वृद्ध गृहस्थ लिलावासाठी जमलेल्या लोकांना काटकसर व उद्योग यांविषयी म्हणींमागून म्हणी ऐकवतो. लोक माना डोलावतात आणि लिलाव सुरू होताच नेमके उलट वागतात. उपदेश पटतो, पण आचरणात उतरत नाही, हे निरीक्षण उपदेशाच्याच चौकटीत नोंदवलेले आहे. मॅक्स वेबरने भांडवलशाहीच्या वृत्तीचा दाखला म्हणून फ्रँकलिनने तरुण व्यावसायिकाला १७४८ मध्ये दिलेला सल्ला निवडला. त्यामुळे सूत्रे सांगणारा फ्रँकलिन अभ्यासाच्या केंद्रस्थानी आला आणि गोष्ट सांगणारा फ्रँकलिन काहीसा मागे पडला.

आत्मकथनाचा पहिला भाग १७७१ मध्ये इंग्लंडमधील ट्वायफर्ड येथे लिहिला गेला. तो मुलाला उद्देशून आहे. हा मुलगा विल्यम त्या वेळी न्यू जर्सीचा गव्हर्नर होता. धंदा कसा उभारावा हे शिकण्याची त्याला गरज नव्हती. म्हणजे आरंभापासूनच उद्दिष्ट श्रोता आणि अभिप्रेत श्रोता यांत फट आहे. पुढे अमेरिकन क्रांतीत विल्यम ब्रिटिश राजसत्तेच्या बाजूने उभा राहिला व पितापुत्रांत दुरावा आला. १७८४ मध्ये पॅरिसजवळ पासी येथे दुसरा भाग लिहिताना लेखकाने आरंभी दोन स्नेह्यांची पत्रे जोडली. ही कहाणी तरुणांच्या उपयोगी पडेल, ती पूर्ण करावी, असा त्यांचा आग्रह आहे. मुलाच्या जागी आता सार्वजनिक वाचक आला. घरगुती कथनाची जवळीक मात्र टिकून राहिली, आणि तीच या संहितेची मोठी शक्ती ठरली.

या कथनाचे मध्यवर्ती आशयसूत्र ‘पत’ हे आहे. पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर कीथ अठरा वर्षांच्या फ्रँकलिनला छापखान्याचे साहित्य आणण्यासाठी १७२४ मध्ये लंडनला पाठवतो. पतपत्रे देण्याचे वचनही देतो. ती कधीच मिळत नाहीत. ज्याची स्वतःची पत नाही तो दुसऱ्याला पतपत्र काय देणार, हे डेनहॅम नावाचा व्यापारी त्याला हसत समजावतो. हाच डेनहॅम पूर्वी ब्रिस्टलमध्ये बुडाला होता. अमेरिकेत कमाई करून तो परतला, धनकोंना जेवावयास बोलावले आणि प्रत्येकाच्या ताटाखाली व्याजासह रकमेचा आदेश ठेवला. या दोन उपकथा परस्परविरोधी साक्षी म्हणून उभ्या राहतात. पुढे विकत घेतलेला कागद फ्रँकलिन स्वतः हातगाडीवरून रस्त्याने नेतो, तेव्हा तो उद्योगी असतोच. उद्योगी दिसण्याचीही काळजी घेतो आणि ही काळजी वाचकापासून लपवत नाही. फिलिप लेजनने १९७५ मध्ये मांडलेल्या आत्मचरित्रात्मक कराराला येथे आणखी एक कलम जोडले जाते : वाचक हा धनको आहे.

म्हणूनच चुकांची कबुली महत्त्वाची ठरते. फ्रँकलिन आपल्या चुकांना मुद्रकाच्या परिभाषेत शुद्धिपत्रातील नोंदी मानतो. व्हर्ननने वसुलीसाठी सोपवलेले सुमारे ३५ पौंड त्याने खर्चून टाकले. पुढे मुद्दल व्याजासह फेडले. भावाकडील उमेदवारी मुदतीपूर्वी सोडली. पुढे त्याच्या मुलाला शिकवून धंद्यात उभे केले. प्रत्येक चुकीसमोर भरपाईची नोंद पडते. कबुली येथे पश्चात्तापाकडून हिशेबाकडे सरकते, आणि हिशेब ही छोट्या दुकानदाराला सर्वांत ओळखीची भाषा आहे.

परंतु शुद्धिपत्रात काय येत नाही, हेही पाहावयास हवे. पत्नी डेबोरा पुस्तिका घड्या घालून शिवते, दुकान सांभाळते, कागदासाठी जुन्या चिंध्या विकत घेते, याची नोंद आहे. ती संक्षिप्त असली तरी कृतज्ञ आहे. त्याच्या ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’मध्ये गुलामांच्या विक्रीच्या आणि पळालेल्या गुलामांच्या शोधाच्या जाहिराती छापल्या जात, घरातही गुलाम होते. या उत्पन्नाचा व या श्रमाचा हिशेब कहाणीत नाही. १७२३ मध्ये बोस्टनहून पळताना आपणही कोणाचा पळालेला नोकर असावा असा लोकांना संशय आला, हे फ्रँकलिन मिस्किलपणे सांगतो. पळून गेलेल्या उमेदवाराची गोष्ट सांगणे त्याला शक्य झाले. पळून गेलेला गुलाम त्याच्या पत्रात बक्षिसाच्या रकमेसह वर्णनापुरता उरला. १७८७ मध्ये तो गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला. त्यानंतर लिहिलेल्या भागांतही ही नोंद दुरुस्त झाली नाही.

या मौनाचे स्पष्टीकरण केवळ लेखकाच्या नीतीत शोधणे अपुरे होईल. ते श्रोत्याच्या निवडीतही आहे. स्वतःच्या बळावर उभ्या राहू पाहणाऱ्या दुकानदाराशी नाते जोडावयाचे, तर त्याला ज्यात आपले रूप दिसेल तेवढेच कथनात ठेवले जाते. आत्मकथनाने साधलेली जवळीक खरी असते, परंतु तिचा परीघ आधीच आखलेला असतो. धंद्याच्या आत्मकथांचे मूल्यमापन करताना सांगितलेल्या अपयशांच्या प्रामाणिकपणाबरोबरच ज्यांच्या श्रमावर ते यश उभे राहिले, त्यांना त्या कथेत श्रोता म्हणून स्थान आहे काय, हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.