काय हा अवतार!

‘काय हा अवतार करून घेतलास?’ हे मराठी घरांत रोज ऐकू येते. विस्कटलेले केस, ग्रीसचे डाग, उतरलेला चेहरा. आतले बाहेर दिसू लागले की आपण त्याला ‘अवतार’ म्हणतो. १९८०च्या दशकात ‘लुकासफिल्म’च्या ‘हॅबिटॅट’ या खेळाने हाच शब्द आभासी जगात नेला आणि अर्थ उलटला. तिथला अवतार कायम नीटनेटका. भाव आपण निवडून त्याच्यावर चढवायचा.

चाकणला कंत्राटी कामगार असलेला एक मुलगा आमच्या चिखलीतल्या इमारतीत राहतो. खोलीत पाच जण, म्हणून मोबाइल घेऊन तो जिन्यात बसतो आणि गावाकडच्या मित्राबरोबर ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ खेळतो. कंत्राट संपले त्या रात्री मी शेजारी होतो. त्याने बटण दाबले, पडद्यावरचा शिपाई नाचू लागला. ‘काय झालं रे?’ माइकवरून मित्राने विचारले. ‘कुठं काय!’ हा म्हणाला, पण आवाज फाटला. मित्राचा शिपाई पळता पळता थांबला आणि याच्याजवळ नुसता उभा राहिला. लढाईच्या खेळात थांबणे म्हणजे मरणे. दोघेही मेले.

नाट्यशास्त्र अभिनयाचे चार प्रकार सांगते. त्यांपैकी आहार्य, म्हणजे पोशाख, खेळात विकत मिळतो. आंगिक बटणावर मिळतो. वाचिकासाठी माइक आहे. सात्त्विक मात्र मन त्यात असल्याशिवाय साधत नाही. स्तंभ आणि स्वरभेद हे आठ सात्त्विक भावांपैकी दोन. त्या रात्री नेमके तेच घडले, आणि दोन्हींसाठी बटण नव्हते.

२०२२मध्ये आलेल्या ‘मेटा क्वेस्ट प्रो’तले कॅमेरे डोळ्यांच्या, ओठांच्या हालचाली टिपून अवताराच्या चेहऱ्यावर उमटवतात. अडचण चेहऱ्यात आहे, असे त्यामागचे गृहीत दिसते. मला ते पटत नाही. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातला मुखवटा पापणीही हलवत नाही. तरी संबळाच्या ठेक्यावर त्याची चाल बदलली की राग कळतो. शिवाय त्या मुलाला चेहरा झाकायचाच होता. कॅमेऱ्याने तो उघडा पाडला असता, तर ‘कुठं काय!’ म्हणण्याची सोयही गेली असती. भाव पोचला तो त्याने दाखवला म्हणून नव्हे. समोरचा कान देऊन होता, आणि डाव गमावायला तयार होता, म्हणून पोचला.