आजीच्या खुर्चीतील कथा

फ्रान्सिस ब्राऊन या आयरिश बालकथालेखिकेच्या नावामागे ‘अंध’ हे विशेषण इतके घट्ट चिकटले आहे, की पुस्तक उघडण्यापूर्वीच वाचक हळवा होतो. १८१६ साली डोनेगल परगण्यात पोस्टमास्तरांच्या घरी त्यांचा जन्म झाला. तान्ह्या वयातच देवीच्या रोगाने दृष्टी गेली. भावंडे धडे घोकीत, ते ऐकून त्या शिकल्या. पुढे एडिंबरो व लंडन येथे लेखणीवरच जगल्या आणि १८७९ साली निवर्तल्या.

‘ग्रॅनीज वंडरफुल चेअर’ या १८५६ च्या पुस्तकात आजी प्रवासाला निघते आणि मागे राहिलेल्या नातीला तिची खुर्ची कथा सांगते. कानांनी शिकलेल्या लेखिकेलाच सुचावी अशी ही कल्पना! त्यातील नाताळच्या कथेत जोडे शिवणारे दोन भाऊ कोकिळेकडे पाने मागतात. एक सोन्याचे, दुसरा आनंदाच्या झाडाचे. (आपल्या मुलांना ही कथा अवश्य वाचून दाखवावी.) येथे बोध कथेतच मुरला आहे. अन्यत्र मात्र गरीब तो सद्गुणी, श्रीमंत तो लोभी, ही वाटणी पुष्कळदा फारच सोपी होते. लेखिका अंध म्हणून हा दोष झाकला, तर तिला आपण इतर लेखकांच्या पंक्तीला बसवीतच नाही.

फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांनी बालपणी वाचलेल्या या कथा १८८७ साली आठवणीतून पुन्हा सांगितल्या. पुस्तक हरवले होते. कथा तेवढ्या मनात राहिल्या होत्या.